एका तासाची खासदारकी

माझं स्थळ आणणाऱ्या गृहस्थांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "खासदारांचं घर आहे, मुलगी सुखात राहील." वडील हरखले. ठेवणीतला शर्ट घालून, मला आणि आईला घेऊन निघाले. पोचलो तर पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन, दोरीवर टांगलेले शाळेचे बिनबाह्यांचे शर्ट, आणि गळ्यात टेप अडकवलेला एक किडकिडीत माणूस जमिनीवर बसून कुणाच्या तरी चड्डीचे टाके उसवत होता. वडिलांनी इकडेतिकडे बघत विचारलं, "खासदारसाहेब बाहेर गेलेत का?"

त्या माणसानं ओठांतली सुई काढून हातात धरली आणि म्हणाला, "मीच तो. बसा ना. कापडं सरकवून बसा."

मला तिथेच हसू फुटलं आणि माझं लग्नही तिथेच ठरलं. नवरा म्हणतो, त्याला बघून मी हो म्हटलं. म्हणू दे बापडा. मी हो म्हटलं ते त्या चड्डीवाल्या खासदारांना बघून. ते माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा.

बाबा खासदार कसे झाले, ती गोष्ट मी या घरात येण्याआधीची आहे. पण ती इतक्या वेळा ऐकलीय, की आता कुणी मध्येच अडखळलं तर पुढचं मीच सांगते.

बाबांच्या दुकानाला लागून सलून. सलूनवाले दादा म्हणजे बाबांचे जिवलग आणि काड्या घालण्यात पटाईत. त्या साली निवडणुकीत दोन मोठे उमेदवार होते, एक वकीलसाहेब आणि दुसरे कारखानेवाले. बाबा दोघांनाही नावं ठेवायचे. एक दिवस गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता दादा म्हणाले, "मास्तर, दोघंही नकोत तर तूच का नाही उभा राहत?"

"राहीन की," बाबा म्हणाले.

साबणाच्या आतून ते गिऱ्हाईक हसलं. झालं! बाबांना कुणी हसलं की ते ती गोष्ट करूनच दाखवतात. हा गुण माझ्या नवऱ्यात उतरला नाही, हे माझं नशीब.

बाबांनी चिन्ह म्हणून कात्री मागितली होती. ती दुसऱ्याच कुणाला गेली आणि बाबांच्या वाट्याला बादली आली. प्रचार म्हणजे काय, तर दुकानाच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "बादलीकडे लक्ष असू द्या" म्हणायचं. सासूबाईंनी तर तोंडावर सांगून टाकलं होतं, "मी वकिलांना देणार." आणि दिलंही.

तेव्हा निकाल कळायचा तो मोठ्या चौकातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर. भिंतीवर एक भलामोठा काळा फळा असायचा. मोजणीच्या ठिकाणाहून कचेरीत फोन यायचा, खिडकीतून एक जण आकडे ओरडायचा आणि शिडीवर चढलेला फळेवाला आधीचे आकडे पुसून नवे लिहायचा. खाली सगळं गाव माना वर करून उभं. फळ्यावर नावं आडनावांच्या क्रमानं लिहिलेली, त्यामुळे वकीलसाहेबांच्या बरोबर खालच्या ओळीत बाबा.

शेवटच्या फेरीआधी फळेवाला चहाला उतरला. परत चढला तेव्हा शिडी सरकली होती की त्याची नजर, ते त्यालाच ठाऊक. खिडकीतून आकडे आले तसे त्यानं एकेक ओळ चुकवून लिहिले. वकीलसाहेबांची घसघशीत मतं बाबांच्या नावापुढे पडली. खिडकीतला माणूस फोन ठेवून जेवायला निघून गेला.

चौकात जो गलका झाला! एका फेरीत असा चमत्कार कसा होईल, हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. उलट जो तो सांगायला लागला, "मी बादलीलाच दिलं होतं! मला आतून वाटतच होतं!" ज्यांनी बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं तेही छातीवर हात ठेवून सांगत होते. बँकेचे मॅनेजर धावत दुकानात आले. एका हवालदारानं सॅल्यूट ठोकला. सलूनवाल्या दादांनी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि बाबांना खांद्यावर घेऊन चौकात आणलं. सासूबाई माजघरातून बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "मी तुम्हालाच दिलं हो!"

त्या गर्दीतून वाट काढत एक बाई पुढे आली. ती रुळांच्या पलीकडच्या वस्तीतली इस्त्रीवाली. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही आता खासदार झालात. आमची पोरं शाळेला रूळ ओलांडून येतात. गाडी आली की कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. आम्हाला चढून जायचा पूल द्या."

बाबा म्हणाले, "दिला. माझा शब्द."

त्यानंतर थोड्याच वेळात खिडकीतला माणूस जेवून परतला, त्यानं फळा बघितला आणि बोंब ठोकली. फळेवाल्यानं ओल्या फडक्यानं बाबांची मतं पुसली आणि वरच्या ओळीत लिहिली. बाबांना खाली उतरवायलाही कुणी थांबलं नाही म्हणतात. दादांच्या खांद्यावर ते एकटेच राहिले. गर्दी वकीलसाहेबांच्या घराकडे वळली. बँकेचे मॅनेजर आल्या पावली गेले. बाबांची अनामत जप्त झाली, ती वेगळीच.

ती इस्त्रीवाली बाई मात्र तिथेच उभी होती. तिनं विचारलं, "म्हणजे पूल नाही?"

बाबा दादांच्या खांद्यावरून उतरले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "शब्द दिला तेव्हा मी खासदार होतो, बाई. पूल होईल."

आता इथे कुठलाही समजूतदार माणूस घरी जाऊन चादर ओढून झोपला असता. लोकही दोन दिवस हसले आणि विसरले. फक्त 'खासदार' हे नाव तेवढं चिकटलं. बाबा विसरले नाहीत. पुन्हा कधी उभेही राहिले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझं जुनंच काम बाकी आहे."

पुढच्या आठवड्यात खुद्द वकीलसाहेब दुकानात आले. माणूस दिलदार. "मला तासभर पाडणारा टेलर बघायला आलो," म्हणाले आणि शपथविधीसाठी कोट शिवायला टाकला. बाबांनी त्यांना हात पसरून उभं केलं. टेप छातीभोवती फिरवला आणि टेप धरूनच म्हणाले, "साहेब, पूल."

इथे बाबांना त्यांचा मार्ग सापडला. खासदार कचेरीत भेटत नाही, सभेत ऐकत नाही, घरी गेलं तर तो नुकताच बाहेर पडलेला असतो. पण माप देताना तो हात पसरून, मान सरळ ठेवून, मुकाट उभा असतो. त्याला घड्याळ बघता येत नाही की निघून जाता येत नाही. टेलर एकदा माप घेतो. बाबा खासदारांचं तीन-तीनदा घ्यायचे.

वकीलसाहेबांनी प्रस्ताव पाठवला. पुढच्या निवडणुकीला त्यांनी पुन्हा बाबांकडेच कोट शिवला आणि पुन्हा निवडून आले. प्रस्ताव गेला तिथेच पडून होता. तिसऱ्या वेळी त्यांच्या जागी मुलगा उभा राहिला. त्यानं कोट मोठ्या शहरातून शिवून आणला आणि कारखानेवाल्यांकडून सपाटून मार खाल्ला. कारखानेवाले तेव्हा बाबांनी शिवलेल्या कोटात होते. एवढं पुरलं. मतदारसंघात बोलबाला झाला की या दुकानाचा कोट अंगात असल्याशिवाय कुणी निवडून येत नाही. बाबांनी ही अफवा पसरवली नाही, पण खोडूनही काढली नाही. मी एकदा त्यांना छेडलं तर म्हणाले, "लोकांच्या श्रद्धेला मी कशाला धक्का लावू?"

तर आमच्या मतदारसंघाचा सगळा इतिहास असा आमच्या दुकानात हात पसरून उभा राहून गेला. कारखानेवाले आले, त्यांचं सरकार मध्येच कोसळलं, पूल राहिला. मध्यावधी निवडणुकीत एक निवृत्त प्राचार्य आले. त्यांनी खूप धडपड करून रुळांपाशी 'रूळ ओलांडू नये' अशी मोठी पाटी बसवून आणली. पूल मागितला आणि पाटी मिळाली! मग वकिलांचा मुलगा परतला, आता मात्र आमच्या कोटात. त्यानं रुळांच्या कडेनं काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि आपण काहीतरी केलं म्हणून खूश झाला. पोरं काय, कुंपणाखालून यायला लागली.

मी लग्न होऊन आले ती या कुंपणाच्या काळात. मला शिवणकाम येत होतं, म्हणून बाबांनी दुकानाच्या मध्ये प्लायवूड ठोकून, एक पडदा लावून, अर्ध्या भागात माझं मशीन मांडलं. बायकांचे कपडे मी घ्यायला लागले. आणि खरं सांगते, सुरुवातीला मला या पुलाच्या खुळाचा वैताग यायचा. काम टाकून बाबा रेल्वेच्या कचेरीत जाऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची. एकदा मी फाडकन बोलले, "बाबा, तुम्ही निवडून आला नव्हतात. ती फळ्यावरची चूक होती!"

बाबांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, "चूक फळ्याची. शब्द माझा."

मी माझ्या बाजूचा पडदा ओढून घेतला.

ती इस्त्रीवाली बाई दर वर्षी शाळा सुरू होताना रूळ ओलांडून यायची. आधी मुलांचे गणवेश, मग नातवंडांचे. थोडा वेळ स्टुलावर टेकायची, पाणी प्यायची. सगळं गाव बाबांना थट्टेनं खासदारसाहेब म्हणायचं, ती तेवढी मास्तर म्हणायची. पुलाचं नावही काढायची नाही. तिच्या घरी बोलावणं असलं तरी बाबा पलीकडे जायचे नाहीत. म्हणायचे, "रिकाम्या हातानं काय जाऊ?"

माझा वैताग कधी गेला, तेही सांगते. पलीकडच्या पोरांचे गणवेश दुरुस्तीला आले की सगळ्यांना पाठीवर एकाच जागी फाटलेलं असायचं, तारेत अडकून. बाबा ते फुकट रफू करायचे. एक दिवस एका मुलीचा फ्रॉक माझ्या हातात आला, पाठ अख्खी टरकावलेली. तिची आई सांगत होती, पोर तारेत अडकली आणि समोरून गाडी आली, म्हणून हिसडा मारून ओढून काढली. मी सुईत दोरा ओवायला गेले तर ओवता येईना. त्या दिवसापासून पूल माझाही झाला.

आणि नेमकं तेव्हाच आमचं नशीब फुटलं. मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या आणि हद्द कुठून काढावी? तर रुळांवरून! पलीकडची वस्ती दुसऱ्या मतदारसंघात गेली. म्हणजे पुलाचा एक पाय आमच्या खासदारांकडे आणि दुसरा त्यांच्या. आमचे तेव्हाचे खासदार व्यायामशाळावाले, छाती एवढी की टेप अपुरा पडायचा. पलीकडे निवडून आल्या डॉक्टरीणबाई. दोघांचे पक्ष एकमेकांचे हाडवैरी. आमचे म्हणायचे, त्यांनी मागू दे. त्या म्हणायच्या, त्यांनी मागू दे. एका व्यासपीठावर येतील तर शपथ.

बाबा तेव्हा थकले होते. गुडघे गेले होते, एका डोळ्याला कमी दिसायचं. एका संध्याकाळी कात्री ठेवून ते एवढंच म्हणाले, "बहुतेक राहूनच जाणार गं." या माणसाच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढची निवडणूक तोंडावर आली होती. व्यायामशाळावाल्यांचा कोट बाबांकडे होताच. आणि कोटाची ख्याती रूळ ओलांडून गेलेली असणार, कारण डॉक्टरीणबाईही माझ्याकडे जाकीट शिवायला टाकून गेल्या. मी दोघांनाही निरोप पाठवला, ट्रायलला या. दिवस एकच आणि वेळही एकच. बाईंची गाडी मागच्या गल्लीत लावून घेतली, साहेबांना पुढच्या दारानं घेतलं. बाबांना काही सांगितलं नाही, कारण त्यांना नाटक जमत नाही.

प्लायवूडच्या अलीकडे मी बाईंना जाकीट चढवलं आणि कमरेपासून काखेपर्यंत टाचण्या लावल्या. पलीकडे बाबा साहेबांना टाचण्या लावत होते. सवयीनं ते म्हणालेच, "साहेब, पूल."

"मास्तर, माझी कुठे ना आहे?" साहेबांचा आवाज खणखणीत. "त्या बाईंनाच पुलात रस नाही. त्यांनी एकदा मागू दे, दुसऱ्या दिवशी मी मागतो."

माझ्यासमोर बाई ताठ झाल्या. "खोटं!" त्या ओरडल्या. "मी केव्हाची तयार आहे! हा माणूस मागत नाही म्हणून माझं अडलंय!"

पलीकडून आवाज आला, "कोण आहे तिकडे?"

मी पडदा बाजूला सारला. दोघं समोरासमोर. साहेबांच्या कोटाला एकच बाही, बाईंच्या जाकिटाला एकही बटण नाही. साहेब दाराकडे वळायला गेले आणि "आई गं!" म्हणून जागच्या जागी थांबले.

"हलू नका, टोचतील," मी म्हटलं.

मी बाबांकडे बघितलं. इतकी वर्षं ते या घडीची वाट बघत होते आणि आता त्यांचं तोंड टाचण्यांनी भरलेलं! डोळे मोठे करून ते नुसते माझ्याकडे बघत होते. मग मीच बोलले. "तुम्ही दोघंही मागायला तयार आहात, हे आत्ता आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दारात सलूनवाले दादा उभे आहेत, त्यांनीही ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं ऐकलं. आता आधी टाचण्या काढू, की आधी रेल्वेला फोन करताय?"

आधी हसल्या त्या डॉक्टरीणबाई. त्या हसल्यावर साहेबांनाही हसावं लागलं, अगदी जपून, टाचण्या सांभाळत. माझ्या मशीनशेजारच्या फोनवरून दोघंही रेल्वेच्या मोठ्या साहेबांशी बोलले, एकानंतर एक. दादांनी दारातूनच टाळ्या वाजवल्या.

कामाला मग वेळ लागला तो लागलाच. त्या निवडणुकीत बाई पडल्या आणि साहेब आले, कोटाची ख्याती निम्मी झाली. पण मंजुरी मिळाली होती आणि खांब जमिनीबाहेर यायला लागले होते. पूल पुरा झाला तरी उद्‍घाटनाची तारीख ठरेना, कारण पलीकडच्या नव्या खासदारांना आधी नाव कुणाचं, यावर वाद घालायचा होता. पायऱ्यांना दोरी बांधून ठेवली होती. शाळा सुरू झाली त्या सकाळी पोरांनी दोरी सोडली आणि धावत वर गेली. उद्‍घाटन झालं.

सलूनवाले दादा सांगत आले. बाबांनी मशीनवरचं कापड काढलं, घडी घालून ठेवलं आणि म्हणाले, "चल."

त्यांचे गुडघे असे, म्हणून आम्ही एकेका पायरीवर थांबत चढलो. मधोमध पोचल्यावर बाबा कठड्याला धरून उभे राहिले. खालून गाडी गेली, सगळा पूल हलल्यासारखा वाटला. गणवेशातली पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी पळत होती, आणि एकाचीही पाठ फाटलेली नव्हती. मला नेहमीसारखं छेडायचं होतं. मी म्हटलं, "झालं ना समाधान, खासदारसाहेब?"

"माजी," बाबा म्हणाले. "माजी म्हण. आज सुटलो."

मी तोंड वळवलं आणि पदरानं डोळे पुसले. इतका अभिमान मला माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

मग आम्ही पलीकडे उतरलो. पत्र्याच्या छपराखाली इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं, त्यामागे ती बाई. केस पांढरेशुभ्र झाले होते. बाबा टेबलासमोर उभे राहिले. पुढे काय बोलायचं ते त्यांनी बहुधा अनेकदा घोकलं असेल, पण आयत्या वेळी एवढंच निघालं, "बाई, पूल झाला."

"दिसतोय की मला," ती म्हणाली. "रोज इथूनच बघते. सकाळपासून सुना मागे लागल्यात, चल, चढून बघ म्हणून. मी म्हटलं, मास्तर येऊ देत. त्यांच्याआधी मी त्याच्यावर पाय ठेवायची नाही."

बाबांनी नुसती मान हलवली. तिनं इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले.

"थांबा, चपला घालून येते," ती म्हणाली आणि आत गेली.